शिडी मोठी की रंग

आर्वीतली दुपार मला अजून कानांनीच आठवते. पुढच्या खोलीत बाबांचं बांगड्यांचं दुकान, मधल्या खोलीत आम्ही, मागे स्वयंपाकघर. पुढे कुणा बाईच्या हातात बांगडी चढत असली की आधी तिचं दबकं 'आई गं' ऐकू यायचं, मग काचेवर काच घासल्याचा बारीक आवाज, आणि मध्येच कट् करून एखादी जायची. आमच्याकडे बांगडी फुटली असं कुणी म्हणत नसे. वाढली म्हणायचं. बाबा पुढून हाक द्यायचे, 'वच्छे, वाढली वं एक, हिरवी,' आणि वच्छाआत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, सुपली घेऊन उठायची, तुकडे वेचून आणायची आणि तुपाच्या रिकाम्या डब्यात टाकायची. ऊन कलतं झालं की खिडकीतून एक पट्टा नेमका त्या डब्यावर यायचा आणि समोरच्या भिंतीवर लाल, हिरवे, मोरपंखी ठिपके हलायला लागायचे. मी सतरंजीवर पडून ते ठिपके बघत राहायचे. झोपेत होते की जागी, हे त्या वयात मला नीट सांगता आलं नसतं. आजही येत नाही.

तेव्हा मी नुकतीच शाळा सोडली होती. सोडली म्हणजे काय, नववीत गणितात नापास झाले, आणि जूनमध्ये शाळा सुरू झाली त्या सकाळी माझ्या पोटात असा गोळा आला की मी उठलेच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बाबा दोन-चारदा म्हणाले, 'पाहू बाप्पा पुढच्या वर्षी,' आणि ते पुढचं वर्ष कुणी परत काढलं नाही. पोटातला गोळा मात्र राहिला. पाहुणे येणार म्हटलं की गोळा, टपालवाला आला की गोळा, बाबांना पुलगावहून यायला उशीर झाला की गोळा. मी आता पन्नाशीला आले तरी तो आहे. इथे आफ्रिकेत, मोंबासात समुद्रावरून वारा सुटला आणि खिडकी आपटली, तरी आधी तो जागा होतो, मग मी.

आत्यानं माझ्या हातात पत्ते दिले ते त्या गोळ्यावर औषध म्हणून. बाविसाव्या वर्षी नवरा गेला तेव्हा ती भावाकडे आली आणि मधल्या खोलीत तिची पेटी ठेवली, ती तिथेच होती. दुकानात ती बांगड्या भरायची. तिचा हात माझ्या मायपेक्षा हलका. शेतावरच्या बायांचे तळवे लाकडासारखे झालेले असत, त्यांच्याही हातात ती दोन-चारच्या मापाची बांगडी न दुखवता चढवायची. पण नवरी आली की ती आपणहून उठून आत यायची आणि माय पुढे जायची. यावर आमच्या घरात कधी एक शब्द बोलला गेला नाही. दारावर पाहुणा आला की चपला बाजूला कराव्यात, इतक्या सहज ती उठायची.

पत्त्यांचा जोड तिच्या पेटीत होता. कडा मऊ पडलेल्या, फुलांच्या पाठीचा. त्यातली चौकट दश्शी हरवली होती, म्हणून बांगड्यांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून तिनं त्यावर गेरूनं दहा चौकोन काढले होते. ते पान पाठीवरून कुणालाही ओळखू यायचं. त्यामुळे ज्याच्या हातात ते जाईल त्यानं आधीच सांगायचं, 'दश्शी माझ्याकडे', असा आमच्या घरचा नियम. लपवून उपयोगच नव्हता. आणि पैसा लावायचा नाही, हा दुसरा. लावायचे ते डब्यातले काचेचे तुकडे.

मला काही डोक्यात शिरणार नाही असं मी आधीच सांगून टाकलं होतं. आत्यानं पत्ते बाजूला ठेवले आणि बांगड्यांचं एक मिसळलेलं खोकं पुढे ओढलं.

'डोळे मीट. तीन काढ.'

मी काढल्या. एक पिवळी, दोन हिरव्या.

'दोन सारख्या. जोडी. घडीघडी येते. पुन्हा काढ.'

त्या दुपारी मी डोळे मिटून किती वेळा हात घातला असेल, मोजलं नाही. कधी तिन्ही तीन तऱ्हेच्या निघायच्या, त्याला आत्या 'एकटी पानं' म्हणायची. त्यात ज्याचं पान मोठं त्याचा डाव. त्याहून मोठी जोडी. मग तिन्ही एकाच रंगाच्या निघाल्या तर तो रंग. मग मापानं चढत्या निघाल्या, दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ, तर ती शिडी. शिडी आणि रंग दोन्ही एकदम जमले तर पक्की शिडी. आणि सगळ्यात वर तीन अगदी सारख्या, म्हणजे पत्त्यात तीन एक्के किंवा तीन गुलाम. त्यांना ती तिळे म्हणायची.

'आता सांग, तिळे काऊन मोठे?'

'काऊन?'

'कारण येतच नाई. जे कमी येते ते मोठं. सोनं काऊन पेटीत ठेवते अन् ज्वारी काऊन कोठीत? बस. एवढंच हाय. पाठ नाई कराचं, मनाले इचाराचं का हे किती येते.'

सहा पायऱ्या. शाळेत मला सहाचा पाढा म्हणताना घाम फुटायचा, आणि इथे ज्वारी आणि सोनं म्हटल्याबरोबर सहाही पायऱ्या पायाखाली आल्या. ती दुपार संपताना आत्यानं पहिल्यांदा पत्ते वाटले आणि मी पोटातला गोळा विसरून तिसरं पान उचललं. ते पान कोणतं होतं ते आठवत नाही. चुलीवर आंबाडीची भाजी शिजत होती, तिचा आंबट वास मात्र आठवतो.

पुढे आमच्या घरात पत्त्यांवर न्याय व्हायला लागला. गव्हाचा डबा घेऊन चक्कीवर कोण जाणार, कूलरच्या तोंडाशी कोण झोपणार, ताटातली शेवटची पुरणपोळी कुणाची. बाबा भिडस्त माणूस. कुणालाही नाही म्हणायची वेळ आली की ते चष्मा पुसत बसायचे. पत्त्यांनी त्यांची सुटका केली. 'एक डाव टाका वं, माह्यानं नाई होत,' म्हणायचे आणि दुकानात निघून जायचे.

एकदा पुरणपोळीचाच डाव होता. माझ्याकडे तिन्ही इस्पिक आले, त्यात एक्का. मी नाचायचीच राहिले होते. आत्यानं चव्वी, पंजी, छक्की मांडली, एक लाल, दोन काळ्या. शिडी.

'हे काही खरं नाही,' मी म्हटलं, 'माझा एक्का आहे. आजपासून रंग मोठा.'

आत्यानं पोळीचा तुकडा मोडून माझ्या तोंडात कोंबला आणि म्हणाली, 'खा. पण एक ध्यानात ठेव रंजू, पान पाहून नियम नाई बदलवाचा. काय म्हणाचं ते पान उचलाच्या आधी म्हण.'

मी एकोणीस वर्षांची झाले तेव्हा पितृपक्षात बंडूमामा आला. माझ्या मायचा धाकटा भाऊ. तो आणि मामी मोंबासात एका गुजराती व्यापाऱ्याच्या घरी स्वयंपाकाला होते. मोठं कुटुंब, तीन पिढ्या एका छपराखाली. मामाच्या बॅगेतून काजू निघाले, एक रंगीत सुती लुगड्यासारखं कापड निघालं, आणि एक पत्त्यांचा जोड निघाला, इतका गुळगुळीत की हातातून सांडायचा. पितृपक्षात नवं काही घेत नाहीत, बांगड्या तर नाहीच, त्यामुळे दुकान ओस. आमच्या वर्षातली ती सगळ्यात लांब पंधरा दिवसांची दुपार. मामानं सतरंजीवर बैठक मारली आणि म्हणाला, 'तीन पानांचा खेळ पोरासोरांचा. मालकांची मुलं रविवारी ओट्यावर पाच पानांचा खेळतात. शिकवतो.'

मी वहीत लिहून घेतलं. शाळा सुटल्यावर पहिल्यांदा वही उघडली होती. सगळ्यात खाली एकटी पानं, मग जोडी, मग दोन जोड्या, मग तिळे, मग शिडी, मग रंग, मग तीन सारखी आणि दोन सारखी मिळून भरलेलं घर, मग चार सारखी, आणि माथ्यावर पक्की शिडी. त्यातलीच दश्शीपासून एक्क्यापर्यंतची असली तर तिच्यापुढे कुणी नाही. मामा पाच-पाच पानं मांडून दाखवत होता. आत्या भेंडी चिरत ऐकत होती. तिची विळी थांबली.

'बंडूभाऊ, उलटं सांगून राह्यले तुम्ही. शिडी रंगाच्या वर राह्यते.'

'तीन पानांत, वच्छाताई. पाचात रंग वर.'

'का? पान वाढले म्हणून शिडीची इज्जत गेली का?'

'आता मी काय सांगू? साऱ्या जगात असंच आहे.'

'जगाले कोणी शिकवलं? जगानं वाटून पाह्यलं का?'

मामा हसत सुटला. आत्या हसली नाही. भेंडी तशीच ठेवून तिनं हात धुतले, आपला जुना जोड काढला आणि माझ्यासमोर बसली. 'वाट. पाच-पाच.'

ते पंधरा दिवस मी आयुष्यभर पांघरून झोपत आले आहे. सकाळी पितरांचा स्वयंपाक, कुणाची पंचमी, कुणाची नवमी, छपरावर कावळ्याला घास, मग जेवणं, मग माय आणि बाबा कलंडले की आम्ही दोघी. मी पत्ते पिसायचे, पाच-पाचाचे दहा वाटे करायचे, आत्या एकेक उलटून बघायची. रंग निघाला तर हिरव्या काचेचा तुकडा डावीकडे. शिडी निघाली तर पिवळा तुकडा उजवीकडे. बाकी सगळं गोळा करून पुन्हा पिसायचं. कधी कधी अख्खी दुपार एकही तुकडा पडायचा नाही. पंखा फिरायचा, बाजारातल्या लाऊडस्पीकरचा आवाज वाऱ्याबरोबर जवळ यायचा, लांब जायचा, पत्ते सतरंजीवर पडताना फट् फट् व्हायचं. मला वाटायचं आम्ही फार जुनं काहीतरी मोजतो आहोत, आमच्या आधीपासून चाललेलं. माय कूस बदलून म्हणायची, 'याड लागलं का वं तुम्हाले दोघींले?' आणि परत झोपायची.

चतुर्दशीपर्यंत पिवळा ढीग हिरव्याच्या जवळपास दुप्पट झाला होता. आत्यानं दोन्ही ढीग बोटानं पसरून पाहिले.

'शिडीच जास्त येते,' ती म्हणाली. 'म्हणजे रंग मोठा. माणूस खरं बोलून राह्यला होता.' मग तिनं माझ्या वहीतल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. तिला वाचता येत नव्हतं, पण कोणती ओळ ते तिला बरोबर माहीत होतं. 'राहू दे असंच.'

मामा नुसता भेटायला आला नव्हता. मामीचे गुडघे गेले होते, आणि मालकांनी सांगितलं होतं, घरची एक विश्वासाची बाई घेऊन ये, कागदपत्रं आणि तिकीट आम्ही बघू. हे त्यानं जेवणानंतर, सुपारी कातरताना सांगितलं. बाबांनी चष्मा काढला. आणि कुणी काही बोलायच्या आत आत्या म्हणाली, 'मी येऊ?'

तिनं त्या घरात स्वतःसाठी काही मागितल्याचं मी पहिल्यांदा ऐकत होते. मग ती हळूच, फक्त मामाला म्हणाली, 'तिथं मले कोणी ओळखत नाई ना?'

'कोण ओळखणार ताई तिकडे?'

'बस त मंग.'

आणि मी, जिच्या पोटात टपालवाला आला तरी गोळा यायचा ती मी, म्हणाले, 'मी पण जाते.' का म्हणाले हे सांगायला मी आज बसले आहे, आणि आजही नीट सांगता येत नाही. येणाऱ्या थंडीत माझ्यासाठी मुलगा बघायचं घरात चाललं होतं, ते एक. मामाच्या तोंडून समुद्र ऐकला होता, ते दुसरं. आणि तिसरं, जे मी फार वर्षं कबूल केलं नाही, ते हे की आत्या निघून गेली तर त्या मधल्या खोलीत दुपारी माझं काय होईल, हे मला सहन होत नव्हतं.

जागा एक. दोघींनी मागितलेली. बाबा दोन दिवस चष्मा पुसत राहिले. सर्वपित्री अमावास्येला वडे, कढी, खीर, गवारीची भाजी असं जेवण झालं, कावळा शिवला, तेव्हा ते म्हणाले, 'उद्या घट बसतील. आजच काय ते करा. एक डाव टाका. माह्यानं नाई होत.' पण या वेळी ते दुकानात गेले नाहीत, तिथेच भिंतीला टेकून बसले.

'कोणता खेळ?' मायनं विचारलं.

'तिकडचं काम, तिकडचा खेळ,' आत्या म्हणाली. 'पाच पानांचा.' पत्ते अजून पेटीत होते तेव्हा म्हणाली.

मामानं सुचवलं की दोघीच आहात, तर दहा-दहा पानं घ्या आणि त्यातली चांगली पाच निवडून मांडा. त्यानं वाटले, आमच्याच जुन्या जोडानं. एवढ्यात त्याची मोंबासाला फोन करायची ठरलेली वेळ झाली म्हणून तो चौकातल्या एसटीडी बूथकडे पळाला. 'येतोच, तोवर मांडा,' म्हणाला. आत्या म्हणाली, 'दश्शी माझ्याकडे.' बस, तेवढंच बोलणं झालं.

माझ्या दहात पाच बदाम होते. दुर्री, पंजी, सत्ती, गुलाम, राणी. मी ते ओळीनं लावले, परत उलटसुलट केले, परत लावले.  मांडले. आत्यानं तिचे मांडले. छक्की, सत्ती, अठ्ठी, नव्वी, आणि शेवटी ती गेरूची पुठ्ठ्याची दश्शी. एक लाल, एक काळं, असे मिसळलेले.

'शिडी!' बाबांनी मांडीवर थाप मारली. 'वच्छे, आफ्रिकेले चालली बाप्पा तू!'

'आता ताईले दोन चांगली लुगडी घ्या लागते,' माय म्हणाली. ती हसत होती, सगळ्या तोंडानं हसत होती. 'अन् तिकडं थंडी राह्यते का वं, इचारून घ्या लागते बंडूले.'

त्या दोघांनी कपटानं काही केलं नाही, हे मला इथे नीट लिहायचं आहे. ते आमच्याबरोबर ते पंधरा दिवस मोजत बसले नव्हते. त्यांच्यासाठी शिडी रंगाच्या वर होती, जशी चपाती तव्यावर आणि तवा चुलीवर. आयुष्यभर तशीच होती. मला माहीत होतं. वही माझ्या मांडीखाली होती. मी तोंड उघडलं असतं तर तीन शब्दांचं काम होतं.

मी गप्प बसले. पंख्याची एक पाती वाकडी होती, ती दर फेरीला खट् करायची. मी त्या खट् मोजत होते. आर्वीत नंतर लोक म्हणाले, रंजूचं मन मोठं, आत्यासाठी गप्प राहिली. तसं नव्हतं. मी आत्याकडे बघत होते. तिनं बोलावं म्हणून वाट बघत होते, आणि तिनं बोलू नये म्हणूनही. आणि बोलली नाही तर ती लबाड ठरेल आणि मी सुटेन, असाही एक विचार त्या खट्-खट्मध्ये येऊन गेला. तो लिहायला मला तीस वर्षं लागली.

आत्या आधी बाबांकडे बघत होती, मग मायच्या हसण्याकडे. मग तिनं माझ्या पाच बदामांकडे पाहिलं. वाकली, आणि हाताच्या कडेनं ते पाच पत्ते सतरंजीच्या मधोमध सरकवले, आपली शिडी मागे ओढली.

'थांबा,' ती म्हणाली. 'पाच पानांचा डाव हाय. पाचात रंग मोठा. आम्ही वाटून पाह्यलं. रंजू चालली.'

'अवं पण शिडी...' बाबा म्हणाले.

'तीनात, दादा. हे पाच हायेत. पान उचलाच्या आधी म्हटलं होतं मी.'

 मग माय रडायला लागली. तोंडात पदर कोंबून, माझा हात मनगटाशी धरून, 'माही पोट्टी, माही एकटी पोट्टी,' असं. बाबा उठून दुकानात गेले आणि रिकाम्या दुकानात उगाच खोकी या फळीवरून त्या फळीवर ठेवत राहिले. मामा बूथवरून आला आणि दारातच विचारता झाला, 'काय निकाल?'

'रंजू,' आत्या म्हणाली. 'रंगानं.'

पत्ते मी गोळा केले. आणि इथे मला एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आत्यानं न मांडलेली पाच पानं पालथी पडली होती. मला वाटलं, तिच्याकडे मोठं काही असेल आणि माझ्यासाठी तिनं ते दाबलं असेल. कथांमध्ये असतं तसं. मी उलटून पाहिली. काही नव्हतं. दोन गुलामसुद्धा नव्हते. तिनं आपल्या दहातलं सगळ्यात चांगलं मांडलं होतं. ती जिंकायलाच बसली होती.

संध्याकाळी ती भाकरी थापत होती. मी पिठाचा डबा धरून उभी.

'तुले माहीत होतं,' ती परातीकडे बघत म्हणाली.

'हो.'

'मंग काऊन नाई बोलली?'

'तुला जायचं होतं म्हणून.'

'खोटं नोको बोलू. चूल हाय समोर.' तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. 'तू भेली.'

मी हो म्हटलं. ती हसली. मग भाकरी उलटून, अगदी सहज, मीठ किती टाकलं हे सांगावं तशी म्हणाली, 'मी चालली म्हटलं त सारे हसले. तू चालली म्हटलं त तुही माय रडली. चांगलं झालं. जाणाऱ्याच्या मांगं कोणी रडणारं पाह्यजे.' मी काही बोलणार तर तिनं पिठाच्या बोटानं मला गप्प केलं. 'ते हसले ते मी जिंकली म्हणून. मनात नोको ठेवू. भाकरी पाह्य, जळून राह्यली.'

कागद यायला हिवाळा लागला. निघायच्या सकाळी आत्यानं मला दुकानात, अगदी पुढे, रस्त्यावरून दिसेल असं बसवलं. माय पुढे झाली होती, तिला आत्या म्हणाली, 'वहिनी, आज मी भरतो.' मायनं एक पाऊल मागे घेतलं. हिरव्या, दोन-सहाच्या, डझन डझन दोन्ही हातांत. मला एकही टोचली नाही. एसटीनं पुलगाव, पुलगावहून रेल्वे. पुलगावच्या फलाटावर ट्रंक उचलताना एक वाढली. तो तुकडा मी रुमालात बांधला. तो अजून माझ्याकडे आहे, आणि वहीही.

मोंबासातल्या त्या घरानं मला लेकीसारखं ठेवलं असं म्हणणं सोपं आहे. खरं म्हणजे त्यांनी मला कामाला ठेवलं आणि माणसासारखं वागवलं, आणि हे मी त्याहून मोठं मानते. पहिल्याच श्रावणात तिथल्या सासवा-सुना तीन पत्त्यांचा डाव मांडून बसल्या आणि मी चहा ठेवता ठेवता बोलून गेले, रंग मोठा. सगळ्या माझ्याकडे बघत राहिल्या. थोरल्या बा, म्हणजे घरातल्या आजी, म्हणाल्या, अगं, तीन पत्ती आहे ही. मी जीभ चावली. एका घरात शिकलेलं दुसऱ्या घरात न्यायचं तर आधी हातात पानं किती आहेत ते बघावं लागतं, एवढं तरी मला तेव्हा कळायला हवं होतं.

आत्या आर्वीतून कुठे गेली नाही. मी दोनदा तिकिटाचं बोलले, तिनं दोनदा विषय बदलला. बाबा गेले, मग माय गेली. दुकान आत्याच बघते आता, आणि नवऱ्या तिच्याकडेच येतात, आर्वीत तेवढ्या हलक्या हाताचं दुसरं कुणी उरलं नाही. मोबाईलवर ती मला बघते तेव्हा फोन इतका जवळ धरते की मला तिचं फक्त कपाळ दिसतं.

मागच्या आठवड्यात मी तिला विचारलंच.  'आत्या, त्या दिवशी मी गप्प राहिले. मी बोलायला पाहिजे होतं.'

  मागे कुणाच्या तरी हातात बांगड्या चढत होत्या, तो घासल्याचा आवाज मोंबासापर्यंत येत होता.

'बरं झालं नाई बोलली,' कपाळ म्हणालं. 'जिंकणं-हारणं काय वं, ते पानं करते. पण त्या घरात कोणती गोष्ट मोठी अन् कोणती लहान, हे सांगाची पाळी माह्यावर कधी आली होती? त्या दिवशी निकाल मी देल्ला. तू बोलली असती त तोही गेला असता.'

मग ती फोनपासून वळून कुणाला तरी म्हणाली, 'हात ढिला सोड वं नवरी, भेऊ नोको.' आणि फोन तसाच चालू राहिला. मी बंद केला नाही. काचेवर काच घासत होती, आणि मी खिडकीशी बसून ऐकत होते.